फ्रीज कंपनीतली थंडी

जुन्या ऑफिसातली दोन माणसं कुठेही भेटली की एक किस्सा निघतो आणि त्याच्यामागून दुसरा. आमचं गुडगावचं ऑफिस केव्हाच बंद झालं, किस्से मात्र थांबत नाहीत. त्यातले बरेचसे थंडीचे आहेत. आम्ही फ्रीज विकायचो, हे एक कारण असेल. दुसरं म्हणजे आम्ही तिघंच मराठी होतो आणि बाकी सगळी दिल्ली.

*

शिरीष साताऱ्याचा. परदेशी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, गुडगावात मोहरीच्या शेतांना लागून काचेच्या इमारती उठत होत्या, तेव्हा तो सेल्सच्या इंटरव्ह्यूला आला. आमच्या चोप्रासाहेबांनी विचारलं, स्वभाव कसा आहे? शिरीषला सांगायचं होतं की मी डोकं थंड ठेवून काम करतो. घाबरल्यामुळे त्यातलं डोकं राहून गेलं.

"सर, मैं बहुत ठंडा आदमी हूँ."

साहेबांनी त्याचा अर्ज पुढे ओढला. मग म्हणाले, "चलो, फ्रिज के साथ जमेगी." आणि त्याला घेतलं.

*

निलोफर सोलापूरची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. नवरा सरकारी नोकरीत, त्यामुळे दिल्लीत आर. के. पुरमला क्वार्टर. गावाकडे वडील आजारी होते, म्हणून तिनं घरी फोन मिळावा असा अर्ज केला होता. टेलिफोन ऑफिसात चौकशीला गेली तेव्हा तिथला क्लार्क म्हणाला, "मैडम, आपका केस तो ठंडे बस्ते में है."

निलोफर खुशीत ऑफिसला आली. आपल्याकडे बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. बस्ता काढला म्हणजे कार्य जवळ आलं. तिला वाटलं, आपलंही काम होत आलं. अर्ज गुंडाळून कोपऱ्यात टाकला की त्याला इकडे ठंडा बस्ता म्हणतात, हे चोप्रासाहेबांनी तिला समजावलं. स्वतः दोन ठिकाणी बोलूनही बघितलं. काही हललं नाही.

वडील गेल्याची तार आली. ती सोलापूरला पोचली तोवर दफन उरकलं होतं. फोन त्यानंतर लागला. रिसीव्हर कानाशी धरून ती नुसती बसून राहिली, असं तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "आता कुणाला लावू, सांग."

*

मग एका परदेशी कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. मीटिंगमध्ये चहा-बिस्किटं झाली आणि सांगण्यात आलं की फॅक्टरी राहील, हे ऑफिस राहणार नाही.

घरी येऊन मी पुण्याला आईला फोन केला. म्हटलं, "ऐकलं आणि मी गारच पडले गं." माझी मुलगी दिल्लीत वाढलेली. तिला गार म्हणजे थंड, एवढंच ठाऊक. तिनं आतून रजई ओढत आणली आणि माझ्या अंगावर घातली. वर विचारलं, "अजून एक आणू?"

मी ती रजई काढली नाही.

*

चोप्रासाहेबांनाही काढलं. सगळा जन्म त्यांनी त्या कंपनीत घालवला होता. रोज सकाळी तयार होऊन, टाय बांधून ते बाल्कनीत बसायचे, असं त्यांच्या मिसेस सांगायच्या. हिवाळ्याच्या तोंडाशी हार्ट अटॅकनं गेले.

चौथ्या दिवशीच्या प्रार्थनेला आम्ही तिघं गेलो. नव्या कंपनीकडूनही एक मॅनेजर आला होता. तरुण, चेन्नईचा, दिल्लीत नुकताच बदलून आलेला. ऑफिस बंद करायच्या मीटिंगमध्ये बोलला होता तो हाच. मोठा पुष्पहार घेऊन तो दाराशी अवघडून उभा होता.

पंजाबी माणूस "ठंड पै गई?" असं विचारतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं, झालं मनासारखं? निवला जीव? त्या पोराला हे कुठून माहीत असणार.

मिसेस चोप्रा उठल्या, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी हळू होता.

"पै गई ठंड?"

त्यानं हार खाली ठेवला, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले आणि आदरानं म्हणाला, "हाँ जी, आंटी. इस बार जल्दी पड़ गई."