बाईसाहेबांची शीर आणि माझा अंगठा

"अंगूठा छोड़ो! अरे भाईसाहब, अंगूठा छोड़ो!"

डॉक्टर ओरडत होते. साधंसुधं ओरडणं नव्हे. उभा जन्म फौजेतल्या खेचरांवर उपचार करण्यात गेलेला माणूस. डोंगराच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या खेचराला जीभ दाखवायला लावेल असा आवाज. आणि आम्ही होतो जेमतेम दहा बाय बाराच्या गाळ्यात, शटर खाली ओढलेलं. आवाज शटरवर आपटून परत यायचा, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागत होतं.

मी अंगठा सोडत नव्हतो.

टेबलावर आमच्या बाईसाहेब आडव्या होत्या. बाईसाहेब म्हणजे आमची कुत्री. वय नऊ, अर्धी पॉमेरियन, उरलेली अर्धी कोण हे आर. के. पुरमच्या ज्या गल्लीत ती जन्मली तिथल्या कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नव्हतं. डॉक्टरांचा कंपाउंडर गावी गेलेला, म्हणून शीर धरायचं काम माझ्याकडे आलं. तिचा पुढचा पाय कोपराशी मुठीत धरायचा आणि अंगठ्याने शीर दाबायची, म्हणजे ती फुगून वर येते. आली होती. केस भादरलेल्या जागी डॉक्टरांची सुई आत गेली होती, मागच्या नळीत रक्ताचा लाल धागा दिसत होता. आता मी फक्त अंगठा उचलायचा. शीर मोकळी झाली की सिरिंजमधलं दुधासारखं पांढरं औषध आत जाणार आणि बाईसाहेब मिनिटभरात गाढ झोपणार.

"अहो, सोडा ना! ऐकू येत नाही का?" टेबलाच्या पलीकडून बायको म्हणाली.

ऐकू येत होतं. पण मी का सोडत नव्हतो हे सांगायला त्या दिवशीच्या सकाळपर्यंत मागे जावं लागेल. लवकरच परत येऊ, कारण अंगठ्याला रग लागली आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही दिल्लीच्या टोकाला नव्याने वसणाऱ्या द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. द्वारका तेव्हा नकाशावर पूर्ण होती, जमिनीवर यायची होती. लिफ्टची विहीर तयार, लिफ्ट यायची होती. नळाला पाणी नव्हतं, पण टीव्हीला साठ चॅनल होते. आमच्या टॉवरमध्ये इतकी कमी बिऱ्हाडं होती की चौथ्या मजल्यावर मी शिंकलो तर दुसऱ्या मजल्यावरचे सरदारजी "जीते रहो" म्हणायचे. अशा वस्तीत एसटीडी बूथ आणि मॉड्युलर किचनचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात फौजेतून निवृत्त झालेल्या या डॉक्टरांनी दवाखाना थाटला होता. त्यांच्या मिशा इतक्या लांब की आत शिरताना आधी मिशा यायच्या, मग काही वेळाने डॉक्टर.

बाईसाहेब आठवडाभर पाणी पीत सुटल्या होत्या. टँकरने आणलेलं निम्मं पाणी एकट्या त्या प्यायच्या. मग खाणं सुटलं, पोट तबल्यासारखं ताणलं. डॉक्टरांनी हात लावला आणि मिशा खाली आल्या. गर्भाशयात पू झालाय म्हणाले, पिशवी केव्हाही फुटेल, उद्या दुपारी कापून काढायचं. आणि मग त्यांनी बोट वर करून, एखाद्या जवानाला समजवावं तसं मला समजावलं:

"सुबह से पेट खाली. पानी भी नहीं. बेहोशी में उलटी हुई और फेफड़े में गई, तो मैं ऑपरेशन बढ़िया करूँगा और कुतिया मर जाएगी. समझे?"

समजलो. लहान मूलही समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी नेमकी संकष्टी. आमच्याकडे बायको संकष्टी धरते ती श्रद्धेपोटी, मी धरतो ती खिचडीपोटी. सकाळीच तिने बाईसाहेबांच्या दोन्ही वाट्या पालथ्या घातल्या, मला ताकीद दिली, आणि तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. दोन बादल्या घेऊन ती पळाली. त्या काळात द्वारकेत टँकरचा भोंगा ऐकून लोक चालू लग्न सोडून पळत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नवरदेवासकट.

उरलो मी, खिचडीची बशी आणि बाईसाहेब.

दोन दिवस ज्या कुत्रीने उकडलेल्या चिकनकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तिचं नाक हललं. ती उठली. थरथरत, एकेक पाय टाकत आली आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. आता तुम्हीच सांगा. मरणाच्या दारातून कुणी परत येऊन तुमच्याकडे साबुदाण्याची खिचडी मागतंय, तर तुम्ही त्याला नियम सांगाल?

आणि खरं सांगायचं तर मला तो नियम लागूही वाटला नाही. आमच्या घरात उपासाचं खाणं हे खाणं धरतच नाहीत. माझी आई दोन बशा खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि केळ्याचं शिकरण संपवून शेजारणीला सांगायची, "आज सकाळपासून तोंडात काही नाही हो," आणि शेजारीण हळहळायची. कारण तीही तेवढंच जेवून आलेली असायची. चाळीस वर्षं ज्याच्या हाडामांसात हे मुरलंय, त्याला साबुदाण्याने पोट भरतं हे एका सकाळीत कसं पटावं? डॉक्टरांनी पोट रिकामं ठेवायला सांगितलं होतं. मी एक घास दिला. तिने शेपूट हलवलं. मग बशी खाली ठेवली. ती बशी चाटूनपुसून स्वच्छ झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायको वर आली, "काय झालं?" म्हणाली, मी म्हटलं, धूळ गेली.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुछ खाया इसने?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती टँकरवर होती, घरी मी होतो.

"नहीं जी," मी म्हटलं. "सबका उपवास है."

पायावरचे केस काढून झाल्यावर पुन्हा विचारलं, "पक्का?"

"बिल्कुल पक्का."

तेवढ्यात आंधी आली, धुळीचं वादळ. दिल्लीतली मे महिन्यातली आंधी, आणि वर अडवायला झाड नाही असली नवी वस्ती. आकाश हळदीसारखं पिवळं झालं. कुणाच्या तरी बाल्कनीतला कूलर रस्त्यावरून सेक्टर दहाच्या दिशेने चालत गेला, मागून त्याचा मालक. धूळ आत यायला लागली तशी डॉक्टरांनी दोन हातांनी शटर खाली ओढलं. वीज गेली. एक इमर्जन्सी लाइट, चार जीव, स्पिरिटचा वास आणि भट्टीसारखी गरमी. डॉक्टरांनी सुई घेतली, मला शीर धरायला सांगितलं. मी धरली.

आणि मग मला तो साबुदाणा दिसला.

बाईसाहेबांच्या हनुवटीखालच्या केसांत, एकच, काचेसारखा पारदर्शक, दिव्याच्या उजेडात चमकत असलेला. मी बायकोकडे पाहिलं. तिने अजून पाहिला नव्हता. मी शटरकडे पाहिलं. बाहेर वारा त्याला लाथा मारत होता. पळायला जागा नाही, उभं राहायला तोंड नाही. अंगठा सोडला तर औषध जाणार, झोप लागणार, आणि बशीभर खिचडी वर आली तर माझी कुत्री माझ्या हातात गुदमरणार. न सोडावा तर का, ते सांगावं लागणार. त्या क्षणी साऱ्या जगात माझ्या मालकीची एकच गोष्ट चालू होती, तो अंगठा, आणि त्याच्याखाली तिची शीर टकटक करत होती. बाईसाहेबांनी मान वळवली आणि माझं मनगट चाटलं. जिभेला जिऱ्याचा वास होता.

"छोड़ो!" डॉक्टर तिसऱ्या की तेराव्या वेळी गरजले. "बात क्या है? कुछ खिलाया है क्या इसको?"

"खिचड़ी," मी म्हटलं.

वारासुद्धा थांबला. खोटं वाटेल, पण थांबला.

"कितनी?"

"दो चम्मच."

"अहो," बायको म्हणाली. एवढंच.

"एक प्लेट."

"कब?"

"साढ़े आठ."

"और क्या था उसमें?"

"मूँगफली. आलू." आता लपवण्यात काही राम नव्हता. "घी."

मला वाटलं होतं आता ते मला खेचराचं इंजेक्शन देतील. पण खरं संकट आलं तसा तो माणूस एकदम हळू बोलायला लागला. संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही म्हणाले, पिशवी तोवर टिकणार नाही. मग एका हाताने सुई सांभाळत दुसऱ्या हाताने खूण करून त्यांनी बायकोला कोपऱ्यातली ट्रंक उघडायला लावली. बायकोने तिच्यातून एक रबरी नळी काढली, टोकाला छोटा फुगा असलेली. झोप लागताक्षणी ही नळी श्वासनलिकेत घालायची, फुगा फुगवायचा, म्हणजे पोटातलं वर आलं तरी फुप्फुसात उतरणार नाही. पण हे सगळं उलटीच्या आधी व्हायला हवं होतं, म्हणून औषधही घाईने द्यावं लागणार होतं.

"भाभीजी, जबड़ा. भाईसाहब, अब छोड़ो."

मी अंगठा उचलला. पांढरं औषध आत गेलं. बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बघता बघता त्या नजरेत मी उरलो नाही. बायकोने पट्टीने वरचा जबडा उचलला, जीभ बाहेर ओढली. डॉक्टरांनी टॉर्च स्वतःच्या दातांत धरून नळी घातली, फुगा फुगवला. आणि बाईसाहेबांचा श्वास थांबला.

"जल्दी देने से ऐसा होता है," डॉक्टर पुटपुटले, त्यांचे हात नळी बांधण्यात गुंतले होते. "भाभीजी, नली में फूँको. धीरे."

माझ्या बायकोने, जी संकष्टीला दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नाही, त्या नळीला तोंड लावलं आणि फुंकलं. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा. मी मोजायला लागलो आणि सातानंतरचा आकडा आठवेना. कितव्या फुंकरीला कोण जाणे, छाती आपली आपण वर आली.

पुढचा तासभर मी सिरिंज घेऊन उभा होतो. सुई शिरेत तशीच पट्टीने बांधलेली. पापणीला बोट लावायचं; हलली तर सिरिंज एक घर पुढे ढकलायची, त्याहून तसूभर जास्त नाही. हलायचं नाही, घाम पुसायचा नाही. पाठीवरून घामाची यमुना वाहत होती, आणि तिला खऱ्या यमुनेपेक्षा जास्त पाणी होतं. निम्म्यावर डॉक्टरांनी ती पिशवी बाहेर काढली, मुसळाएवढी, आणि पोटावर दाब पडला तशी टेबलाच्या कडेवरून खाली कललेल्या तोंडातून खिचडी आली. संथपणे, तक्रार न करता. साबुदाणा, बटाटा, अख्खे दाणे. बायकोने कापसाने पुसून काढली. माझ्याकडे पाहिलं नाही. नळीतून श्वास चालू होता.

शटर वर गेलं तेव्हा बाहेर ऊन पडलं होतं आणि रस्त्यावर इंचभर धूळ. बाईसाहेबांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे परकेपणाने पाहिलं आणि शेपटाचं फक्त टोक हलवलं. डॉक्टरांनी मला हात जोडले. आभाराचे नव्हते ते.

ही हकिकत मी पुढे सोसायटीत पुष्कळदा सांगितली. प्रत्येक वेळी आंधी वाढत गेली, कूलरच्या जागी म्हैस उडाली, आणि माझा अंगठा एकट्याने मृत्यूशी झुंजत राहिला. पण पहिल्यांदा सांगितली ती त्याच दिवशी, घरी परतताना गाडीत. बाईसाहेब मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर झोपल्या होत्या. मीच सुरू केलं, की ते डॉक्टर एवढे ओरडत होते, तूही ओरडत होतीस, दुसरा कुणी असता तर अंगठा केव्हाच सोडून मोकळा झाला असता. मी सोडला नाही. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर आज तिला वाचवलं कुणी?

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचा एक हात बाईसाहेबांच्या छातीवर होता.

"डॉक्टरांनी त्याआधी दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली.