कोरडी पाठ

सिद्धराम माणसाचं तोंड नंतर बघायचा, पाठ आधी. ही खोड बापाची. महादेवप्पा मळणीच्या दिवसांत गड्यांच्या मागून फिरत. ज्याची पाठ ओली त्याला भाकरीला बसवत आणि ज्याची कोरडी त्याच्याकडे नुसतं बघत. कायक, म्हणजे अंगमेहनत, हीच पूजा मानणारं ते घर. घाम आला नाही तर पूजा पोचलीच नाही, इतकं सरळ गणित, आणि लेकाने ते डोळे झाकून उचललं.

पन्नाशीत सिद्धराम सीमाभागातल्या हुलसूरकडच्या आपल्या गावात रोजगार हमीचा कायकबंधू, म्हणजे मजुरांचा मुकादम, झाला. तळ्यातला गाळ काढणाऱ्या तीस-पस्तीस जणांची हजेरी मांडायची, त्यांच्या पाण्याचं, सावलीचं, बायकांच्या आडोशाचं बघायचं, हे त्याचं काम. हजेरी त्याने चोख ठेवली. बाकीचं एक घागर आणि बांधावरची बाभूळ एवढ्यावर उरकलं आणि तो पाठी बघत हिंडू लागला. बायका साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट चढवून येत. त्या शर्टांवर मिठाचे पांढरे डाग उमटले की स्वारी खूश. बायका आपसात त्याला पाठमास्तर म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मे महिन्यात एके दिवशी अकराच्या सुमारास त्याला राजूबाई बाभळीखाली बसलेली दिसली. चाळिशी ओलांडलेली ही बाई कामाला वाघ. कधी खाडा नाही, कधी कुरकुर नाही. आज तिचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता, पण कपाळावर थेंब नव्हता आणि शर्टाची पाठ खडखडीत कोरडी होती. सिद्धराम जवळ गेला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"सगळ्यांच्या पाठी वल्या हायत, राजूबाई. तुझीच कोरडी. फुकटची हजेरी लावून घ्यायलीस व्हय?"

ती उठली. गाळाच्या पाट्यांवर पाट्या वाहू लागली, तेव्हा या शहाण्याला बरंही वाटलं. दहाव्या खेपेला ती भलतंच बरळू लागली, मेलेल्या आईला हाका मारू लागली आणि पाटीसकट कोसळली. उचलायला पाठीखाली हात घातला तर त्याला चटका बसल्यासारखं झालं. तिला ट्रॅक्टरमध्ये घालून भालकीला नेलं. वाटभर तो तिच्या अंगावर घागरीतलं पाणी ओतत राहिला.

दवाखान्यात बर्फ, सलाईन सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर गाठून कन्नडमधून चांगलंच फैलावर घेतलं. घाम म्हणजे अंगाने स्वतःवर शिंपडलेलं पाणी, त्या म्हणाल्या. ते वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. शरीरातलं पाणी संपत आलं की घामही थांबतो आणि माणूस आतून भाजत जातो. सकाळपासून ही पाणी किती प्यायली? सोबत आलेल्या, तळ्यावरच कामाला असलेल्या मंगलने मान खाली घालून सांगितलं, की तळ्यावर आडोसा नाही, जायचं कुठं, म्हणून बायका पाणी पीतच नाहीत. सिद्धरामला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

राजूबाई वाचली. गावभर एकच बोलणं, सिद्धरामअण्णा होते म्हणून बाई जगली. तिचा नवरा राघोबा शाल-नारळ घेऊन आला, पाया पडला, आणि सिद्धरामने ती शाल मुकाट्याने घेतली. बाई भोवळीत होती, तिला आपलं बोलणं आठवत नसेल, अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्याच दिवशी त्याने तळ्यावर ताडपत्रीचा आडोसा उभारला, पाण्याची दोन पिंपं आणली, मांडव घातला. लोकांनी आणखी कौतुक केलं. त्याला अन्न गोड लागेना. कुणाची ओली पाठ दिसली तरी तो नजर वळवायचा.

विसाव्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. भरदुपारी तो राघोबाच्या घरी गेला. राजूबाई ओसरीत तुरीची डाळ निवडत होती. पायांत अजून बळ आलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरच बसून त्याने आपण काय बोललो होतो ते जसंच्या तसं सांगितलं.

"ठावं हाय मला," राजूबाई म्हणाली. "कुणापाशी बोलले न्हाई. माझ्याच अंगात खोट हाय, मी काम चोरायले, असं वाटलं. घरच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

सिद्धराम घाईघाईने डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगू लागला. तिने चोरी केली नव्हती. होता नव्हता तेवढा घाम देऊन तिचं अंग रितं झालं होतं. चूक आपली, आडोसा आपण केला नव्हता. राजूबाईचे डोळे भरून आले. पदराने पुसून तिने विचारलं, "हे तुमाला त्याच दिशी कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग वीस दिस मला कामून न्हाई सांगितलं, अण्णा?"

सिद्धराम उंबऱ्याशी सांडलेले डाळीचे दाणे वेचू लागला. राजूबाई सूप पुढे ओढून पुन्हा डाळ निवडू लागली. त्याला बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.