तांब्या कोण टांगतो?

"ही माटोळी झाली बाई, स्थिरचित्र नव्हे."

"मुलांना दिसलं तसं काढलं, सर."

"दिसलं कुठून? मेजावर तांब्या होता, शेजारी दोन वांगी आणि एक काकडी. मी स्वतः वर्गाच्या जनेलातून डोकावून बघितलं. इथे वांगी वरून लोंबताहेत. काकडी लोंबतेय. ह्या पोरीने तर तांब्यासुद्धा टांगलाय. माटोळीला तांब्या कोण टांगतो?"

"सेजल टांगते," कमलाक्षीबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. उभं राहून भांडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

मुख्याध्यापक शिवदास सरांच्या मेजावर तिसरीची चित्रं पसरली होती. चतुर्थी नुकतीच उरकली होती. पेडण्याच्या प्रत्येक घरात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, भाज्या, सुपारीचे घड बांधून झाले होते. मुलांनी ती माटोळी मान वर करून आठवडाभर बघितली होती. आणि शाळा सुरू होताच बाईंनी त्यांच्यापुढे फळभाज्या मांडल्या. मुलांनी कागदाच्या वरच्या कडेला आडवी दांडी काढली आणि सगळं तिला बांधून टाकलं. खालचा अर्धा कागद कोरा.

"वर्गात सांगायचं नाही का, की मेजावर ठेवा म्हणून?"

"सांगितलं. सेजल म्हणाली, 'टीचर, फळां खाली ठेवलीं तर पाय लागतलो.'"

सरांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. माणूस वाईट नव्हता. डिचोलीहून रोज येत, घाईत असत.

"एक चित्र मात्र बरोबर आहे. हे बघा, मेज, सावली, सगळं जागच्या जागी. कोणाचं?"

"सोनमचं. बाप तुयेच्या कारखान्यात आहे, बेळगावकडचा."

"घ्या. बाहेरून आलेल्या पोरीला कळलं."

"तिच्याकडे माटोळी नसते, सर. बाकीच्यांची चित्रं बघून ती रडली. माझंच का लोंबत नाही म्हणाली. खोडायला निघाली होती, मी कागद काढून घेतला."

कमलाक्षीबाई कोरगावच्या. तरुणपणी पणजीला जाऊन चित्रकला शिकल्या. तेरेखोलचा किल्ला जलरंगात काढायचा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मग शाळा लागली. एक शाळा पुरेना, म्हणून तीन झाल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तांब्या, एक निळी बाटली आणि त्या दिवशीची भाजी. बसमध्ये कंडक्टर विचारी, "टीचर, बाजार केलंत?" वर्ग सुटला की तीच भाजी घरी शिजे. नवरा पानात बघून म्हणे, "आज काय चितारलंस? वांगी? उद्या जरा बांगडे चितार गे."

हसायच्या त्या. अलीकडे हसूही पिशवीसारखंच खांद्यावरून उतरवून ठेवावंसं वाटे.

"शनिवारी तालुक्याचं प्रदर्शन," सर म्हणाले. "तुम्ही दरवर्षी करता तसं करा. थोडा हात फिरवा. वांगी खाली आणा, मेज काढा, सावली द्या. मुलांच्या रेषा राहू देत कुठे कुठे."

"कुठे कुठे."

"गेल्या वर्षी पहिला नंबर आला आपला."

"माझा आला, सर. पन्नाशी उलटल्यावर तिसरीत पहिली आले मी."

"बाई, सगळ्याच शाळा करतात."

"करतात. मीच करते त्यातल्या तीन शाळांचं. एकाच हाताची वांगी तीन नावांनी टांगलेली असतात तिथे. बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मागे एका परीक्षकाने मला विचारलं, 'ह्यातली तुमची नसलेली कुठली?'"

"मग यंदा काय अडलं?"

बाईंनी सेजलचा कागद जवळ घेतला. तांब्याला तिने गळ्याशी दोरी बांधली होती. दोन वेढे, वर गाठ, गाठीचं सुटं टोकसुद्धा. वांग्याच्या देठांना रानातल्या वेलीची साल. हे काही मेजावर नव्हतं. हे पोरीने घरी, बापाच्या हाताकडे बघून शिकलेलं.

"ही गाठ मला खोडावी लागेल," त्या म्हणाल्या. "हात होत नाही. दुखतो म्हणून नव्हे. तसा दुखतोही."

"एका गाठीसाठी?"

"इतकी वर्षं खोडतेय मी, सर. मूल मोठं झाल्यावर वाटेत भेटतं, सांगतं, टीचर, माझ्या चित्राला बक्षीस मिळालं होतं. त्याला आठवतं ते माझं चित्र. त्याचं त्याला आठवत नाही, मलाही नाही."

बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल भोंगा वाजवत गेली. बाईंनी चित्रं गोळा केली, कडा जुळवल्या, सोनमचं मधेच कुठेतरी घातलं. प्रदर्शनाच्या मोठ्या पाकिटात सगळी सरकवली, पाकीट चिकटवलं आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं.

"अशीच पाठवायची?" सरांनी पाकिटावर हात ठेवला. आवाज आता चढलेला नव्हता. "आणि तिथे कोणी विचारलं, ह्या बाईने वर्षभर शिकवलं काय, तर मी काय सांगू?"

बाईंनी पिशवी खांद्याला लावली, दारातल्या चपला पायांनीच सरळ केल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.