पोळ्याची सुट्टी न देणारी शाळा

माझा पोरगा भाला फेकतो. माझ्या माहेरी, सौंसरच्या बगीच्यात, गळलेली हिरवी संत्री कुंपणापार फेकता फेकताच त्याचा हात तयार झाला. पुढे शाळेच्या सरांनी हातात भाला दिला, आणि सगळे म्हणायला लागले, याला खेळाच्या होस्टेलात टाका, इथं वाया घालवू नका. मला आनंद व्हायला हवा होता. पण आमच्या पांढुर्ण्यात कुणी त्याचा दंड दाबून पाहिला की पुढचं वाक्य ठरलेलं, "गोटमारीत कामाचा आहे हा!" मी पोराला हाताला धरून घरात न्यायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जांब नदीच्या एका काठावरून आम्ही आणि दुसऱ्या काठावरून सावरगाववाले एकमेकांवर गोटे फेकतो, हीच गोटमार. दरवर्षी डोकी फुटतात. मागच्या वर्षी नवऱ्यामागे पोरगाही नदीवर गेला. संध्याकाळी बापलेक सोबत परतले. बापाच्या भुवईवर टाके पडले होते, पण मी आधी पोराचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपला. मग दोघांवरही तोंड सोडलं.

यंदा खेळाच्या होस्टेलवाल्या दोन शाळा पाहिल्या. नागपूरची जवळ. मैदान हिरवंगार, भाल्याला वेगळे सर. मी विचारलं, "पोळ्याला सुट्टी देता का हो?" तिथल्या बाई हसल्या, "देतो ना! करीचा दिवस घरी करूनच पाठवा." झालं! भोपाळची दूर. मैदानात खडी, सगळ्या खेळांना एकच सर. तिथंही तेच विचारलं. सर म्हणाले, "दिवाली से पहले कोई घर नहीं जाता." मी तिथल्या तिथं होकार देऊन टाकला.

परतीच्या बसमध्ये नवरा भडकला. "अवं, येडी झाली का तू? चांगलं मैदान सोडून पोराले खडीत टाकून राहिली!"

"अन् डोळा फुटला तर? मैदान काय चाटाचं आहे?"

पोरगा खिडकीबाहेर पाहत होता. मला वाटलं, रुसला.

पोरगा भोपाळात, म्हणून करीच्या सकाळी मी खरंच निवांत होते. नवरा कालच्या पुरणपोळ्या खाऊन नदीवर गेला; त्याला कोण अडवणार? दुपारी फोन वाजला. पोरगा होस्टेलातून सरांच्या फोनवरून बोलत होता.

"आई, बाबा घरी आहेत का?"

"गेले ना नदीवर. तू जेवला का? खांदा दुखत नाही ना?"

"आई, मागच्या साली मी गोटे फेकाले नव्हतो गेलो. बाबाले आणाले गेलो होतो. रक्त येऊन राहिलं होतं, तरी निघत नव्हते. हात धरून ओढलं, तेव्हा आले." त्याला रडू फुटलं. "या साली कोण आणते त्यायले?"

मी गॅस बंद केला, दाराला कडी घातली आणि निघाले. पूल लागायच्या आधीच आरडाओरडा ऐकू येत होता. पोरासारखा जोर काही माझ्या हातात नाही. नवरा माझ्यानं ओढला जाईल का, मला माहीत नव्हतं.