खळ्यातला मुंबई इलाखा

सन एकोणीसशे एकतीस. मी सत्तावीस वर्षांचा होतो. दुसरी इयत्ता अर्धी टाकून मिठागरावर गेलेला माणूस, पण उरणच्या खाडीकाठच्या आमच्या गावात माझ्या शब्दाला मान होता. नसता तर मी तो घेतला असता. त्या वर्षी आमच्या शाळेवर जे मास्तर होते त्यांच्याएवढा मोठा मुलूख ताब्यात ठेवणारा माणूस मी पुढे उभ्या आयुष्यात पाहिला नाही. सिंधपासून कारवारपर्यंतचा अख्खा मुंबई इलाखा त्यांच्याकडे होता, आणि तो माझ्या खळ्यात होता.

मास्तर तळे गावाकडचे. अंगानं काटकुळे, कोट मात्र दोन माणसं मावतील असा. शाळा माझ्या पडवीत भरायची आणि मास्तर माझ्याच ओटीवर राहायचे, त्यामुळे त्यांचे सगळे चाळे मी जवळून पाहिलेले आहेत. भूगोल त्यांच्या अंगात भिनला होता म्हणतात तसा नव्हे, तो त्यांच्या ताटातसुद्धा होता. भाताचा लांबट डोंगर करायचे, वर वरण ओतायचे आणि ते कुठल्या बाजूनं उतरतं ते बघत बसायचे. थोडं वरण ताटाच्या काठाकडे धावत जाई, त्या कोकणातल्या नद्या. बाकीचं दुसऱ्या अंगाला हळूहळू पसरे, ती गोदावरी नि कृष्णा. माझ्या बायकोला म्हणायचे, "वहिनी, आज गोदावरी फार पातळ झाली." ती आतून म्हणायची, "मास्तर, डाल महाग झालीय. गोदावरीला सांगा." रस्त्यात कुणी पेणचा रस्ता विचारला तर छत्रीच्या टोकानं धुळीत सगळा जिल्हा काढून द्यायचे, आणि विचारणारा पेणला पोचायच्या ऐवजी तिथंच उकिडवा बसून राहायचा.

त्यांचं एक ठाम मत होतं. नकाशा टांगायचा नसतो, अंथरायचा असतो. भिंतीवरच्या नकाशाला ते 'वाळत घातलेला मुलूख' म्हणत. दसऱ्याला मी खळं चोपून, सारवून आरशासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "दादा, भात कापायला अवकाश आहे. तोवर खळं पोरांना द्या." मी म्हटलं, "घ्या." इलाखा किती मोठा असतो हे मला कुठं ठाऊक होतं!

पोरांनी खाडीतला चिखल टोपल्यांनी आणला आणि चार दिवसांत इलाखा उभा राहिला, म्हणजे आडवा पडला. खऱ्या समुद्राच्या बाजूला समुद्र, खऱ्या डोंगराच्या बाजूला सह्याद्री. समुद्राच्या जागी खड्डा करून त्यात खाडीचं पाणी ओतलं होतं. सिंध खळ्यात मावेना, तो गोठ्यात गेला, आणि कराचीवर म्हैस बसायची. धारवाड न्हाणीच्या तोंडाशी आलं, तिथं बारमाही पूर. घाटावरच्या मुलखात बायकोनं एकदा सुकट वाळत घातली तेव्हा मास्तर हात जोडून आले, "वहिनी, सातारकरांना एवढ्या मासळीची सवय नाही हो." इतिहासही तिथंच चालायचा. पोफळीच्या विऱ्यांच्या, म्हणजे पानांच्या रुंद देठांच्या होड्यांचं आरमार खांदेरीच्या किल्ल्याला वेढा घालायचं. रायगडाच्या दगडाला रोज सकाळी नमस्कार करूनच पोरं पुढं जायची. जंजिऱ्याच्या संस्थानात पाय टाकताना तर विचारून टाकायचा, कारण तो परका मुलूख. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. त्याच्या एकेका भागाला मास्तरांनी खूण दिली होती. पनवेलला गाडीचं चाक, पेणला मातीचा गणपती, अलिबागला पांढरा कांदा आणि आमच्या उरणला मिठाचा खडा. बाकीच्या खुणा जागच्या जागी राहत, आमची तेवढी शेळी चाटून जायची. मग पोरं शेळीला जंजिऱ्याची हेर म्हणत आणि तिच्यामागं धावत.

एकेका पोराला एकेक तालुका सांभाळायला दिलेला होता, आणि मास्तर पोरांना त्याच नावानं हाक मारत. हळूहळू सगळं गाव तसंच बोलायला लागलं. शेजारीण दारातून ओरडायची, "ए पनवेल, मेल्या जेवायला ये! कर्जतच्या नादी लागू नको!" माझी सात वर्षांची पोर पेण होती. शाळेत जाणारी आमच्या घरातली ती पहिली मुलगी, आणि खरं सांगायचं तर पडवी मी तिच्यासाठीच दिली होती.

दिवाळी झाली, भात कापलं, भारे शेतात पडून राहिले. माझ्याकडे खळं नाही, कारण खळ्यात इलाखा. मास्तरांना म्हटलं की म्हणायचे, "तपासणी होऊ द्या, दादा." त्या तपासणीवरच सगळं अडलं होतं. लोकल बोर्डानं आधीच कळवलं होतं, या वर्षी शाळा नीट दिसली नाही तर बंद, पोरांनी खाडीपलीकडच्या शाळेत पडावानं, त्या मोठ्या होडीनं जावं. पडावानं पोरगे गेले असते, माझी पोर गेली नसती. माझ्या आईनं आणि बायकोनं तसं मला तोंडावर सांगितलं होतं.

तपासणीचे साहेब बांधावरून चालत आले. माणूस वाईट नव्हता. बरोबर छापील नकाशाची गुंडाळी होती. ती त्यांनी पडवीच्या भिंतीला खिळ्यावर लावली आणि म्हणाले, "अलिबाग कोण दाखवतो?" एका पोरानं मान डावीकडे कलवली, दुसऱ्यानं उजवीकडे. कर्जत तर सरळ जमिनीवर आडवा झाला आणि तिथून बघायला लागला. माझी पोर भिंतीकडे न बघता आपल्या पायांकडे बघत होती, अलिबाग तिच्या पायाशी असायचं ना! साहेबांनी तिलाच विचारलं, "बाळ, समुद्र कुठे आहे?" तिनं नकाशावरचा निळा रंग पाहिला आणि घाबरून म्हणाली, "समिंदर असा भितीव कसा ऱ्हल? सांडल ना!"

साहेब हसले, पण पेन काढलं. मास्तर म्हणाले, "साहेब, एकदा खळ्यात चला, पोरं सिंधसुद्धा सांगतील." साहेब खळ्यापर्यंत आले, बूट काठावर ठेवून कौतुकानं सगळं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, छान आहे. पण परीक्षा भिंतीवरच्या नकाशाची असते. जगात सगळीकडे तो भिंतीवरच असतो. महिन्यानं येतो. तेव्हाही असंच झालं तर मला शाळा बंद करा असंच लिहावं लागेल." आणि छापील नकाशा ठेवून गेले.

मला वाटलं मास्तर लगेच कामाला लागतील. कसले! तीन दिवस ते छापील नकाशाकडे पाठ करून बसले. "जमीन आडवी आहे, दादा. मी तिला उभी करणार नाही." आता हट्टीपणात मी काही कुणाच्या मागं नव्हतो, पण माझ्यापेक्षा हट्टी माणूस समोर बसला की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी बांधावर गाठून मी सरळ सांगितलं, "मास्तर, तुमी बदली हून जाल. माजी पोर चुलीपाशी बसल. तुमचा हट्ट तिच्या जिवावर का? आनि माजं भात उंदीर खातायत, ता येगलाच."

मास्तर खाडीकडे वळले. ओहोटी होती, नुसता चिखल दिसत होता. मग एकदम म्हणाले, "दादा, तुमच्या घराचं दार द्याल?"

"दार?"

"लाकडी आहे. मोठं आहे. आणि उचलून उभं करता येतं."

मी दार दिलं. दुसरं काय करणार? बायको म्हणाली, "अवो, कुत्री येतील घरात!" मी म्हटलं, "तू हायस ना." त्यावर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. त्या दारावर मास्तरांनी चिखलात पेंढा नि शेण मळून नवा कुलाबा जिल्हा थापला आणि पहिल्या दिवशी तो पडवीत आडवाच ठेवला. समुद्रात तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या एका टोकाखाली वीट घातली. पाणी वाहून जमिनीवर गेलं आणि पोरं ओरडली, "गेला, समिंदर गेला!" मास्तर शांतपणे म्हणाले, "पाणी गेलं. समुद्राची जागा कुठं गेली?" पोरांनी पाहिलं तर जागा तिथंच होती. "नकाशात समुद्र नसतो रे, त्याची नुसती जागा असते." मग रोज एकेक वीट. दार चढत गेलं तशा पोरांच्या माना चढत गेल्या. मधे सह्याद्री घसरून सगळा कोकणात आला, तो पुन्हा थापून वर बसवला. शेजारी मला बांधावर चिडवायचे, "काय रं, तुजं दार कितवीला गेलं?" मी म्हणायचो, "तुज्या पोराच्या फुडं हाय." खळं मात्र मोकळं झालं. इलाखा मी स्वतः कुदळीनं मोडला. मास्तर टोपी हातात घेऊन काठावर उभे होते. "सिंध शेवटी मोडा," एवढंच म्हणाले. मी शेवटी मोडला.

महिनाअखेर दार भिंतीला सरळ टेकलं आणि शेजारी छापील नकाशा लावला. कर्जत दोन्हीकडे बघून म्हणाला, "मास्तर, ह्यो तं त्येचाच फोटू हाय." साहेब आले. माझ्या पोरीनं टाचा उंचावून अलिबाग दाखवलं, पेण दाखवलं, आणि समुद्र विचारल्यावर निळ्या रंगावर तळवा ठेवून म्हणाली, "हितं. सांडत न्हाय." साहेबांनी लिहिलं ते बरं लिहिलं. शाळा राहिली.

शाळा राहिली, पण मास्तर राहिले नाहीत. शिमग्यानंतर बदलीचा हुकूम आला, घाटमाथ्यावरच्या कुठल्याशा गावी, जिथं समुद्र दाखवायला खाडीसुद्धा नसेल. जाताना वळकटी डोक्यावर, छत्री काखेत, नेहमीसारखे घाईत. पोरांना एकेकाला तालुक्याच्या नावानं हाक मारून निरोप घेतला. पेणच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना पुढच्या तालुक्याचं नाव आठवेना. मला म्हणाले, "दादा, नवे मास्तर यायला पंधरवडा तरी लागेल. तोवर शाळा बंद ठेवू नका. पोरं एकदा घरी बसली की पुन्हा येत नाहीत, मुली तर नाहीच." मी म्हटलं, "मला काय येतंय?" ते नुसते हसले आणि पडावात चढले. पुढं त्यांची गाठ कधी पडली नाही. आता जिल्ह्याचं नाव बदललं, इलाखा गेला, खळ्यावरून रस्ता गेला. कुणी भिंतीवर नकाशा लावला की मी अजून आधी खाली जमिनीकडे बघतो.

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरात मीठ ओढून गोळा करायला आलं होतं, पण मी गेलो नाही. पडवी झाडली. पोरं येऊन आपापल्या जागी बसली. समोर मास्तरांची जागा मोकळी होती. मी तिथं बसलो नाही, पोरांच्या रांगेत, शेवटी, माझ्या पोरीशेजारी मांडी घातली.

ती कुजबुजली, "बाबा, तुमी हिकडं कशाला बसलाव?"

मी म्हटलं, "तुमी शिकवा, मी शिकतो. पेणपासनं सुरू कर."

ती उठली आणि समोर जाऊन उभी राहिली.