कूलरच्या झोतातलं जेल

वीज दिली की निळी होणारी काच आम्ही नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत बनवत होतो. दोन काचांमध्ये जेल भरायचं. त्यातून आयन एका बाजूला सरकले की रंग चढतो, परत फिरले की उतरतो. जेल घट्ट असेल तर रंग रेंगाळतो, फार पातळ असेल तर गळतं. मी पॉलिमर थोडा कमी केला, द्रावक वाढवला. जानेवारीत काच जवळपास निम्म्या वेळात निळी होऊ लागली. माझ्या पीएचडीचं मुख्य प्रकरण तेच होतं.

एप्रिलमध्ये त्याच जेलमध्ये बुडबुडे आले.

मार्गदर्शक सर म्हणाले, "प्रमाण चुकलं तुमचं. जुन्यावर या."

मी पुन्हा मोजलं. प्रमाण तेच होतं.

"मग हात चुकतो."

सहा आठवडे मी स्वतःच्या हातांवर संशय घेतला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

उन्हाळा लागताच प्रयोगशाळेचा एसी सरांच्या केबिनमध्ये गेला होता. आमच्या खिडकीत वाळ्याचा कूलर आला. इथे उन्हाळ्यात कूलर लावताना कोणी विचार करत नाही. आम्हीही केला नाही. जेलला आयन पुरवणारं लिथियमचं मीठ तोलायचा काटा नेमका त्याच्या झोतात होता. साफसफाई करणाऱ्या मावशी एकदा काट्यावरच्या मिठाकडे बघत थांबल्या.

"काहून वं बाई, पावसाळ्यावानी पाणी सुटून राहिलं याले?"

कूलरची ओल मिठातून जेलमध्ये जात होती. वीज दिली की त्या पाण्याचा वायू होत होता.

आधी कूलर चालू ठेवून, मग मीठ ओव्हनमध्ये सुकवून आणि कूलर बंद करून मी जुन्या-नव्या दोन्ही प्रमाणांच्या काचा बनवल्या.

"जेल सुधरन," मावशी पदराने वारा घेत म्हणाल्या, "आपण शिजून जाऊ."

कूलर चालू असताना दोन्ही जेलमध्ये बुडबुडे आले होते. बंद असताना एकातही नाही, आणि नवी काच पूर्वीसारखीच लवकर निळी झाली.

सरांनी तक्ता पाहिला. "कूलर वगैरे लिहू नका, लोक हसतील. उन्हाळ्याचे नमुने वगळा."

वगळले असते तर प्रकरणावर सरांची सही त्याच दिवशी मिळाली असती, आणि पुढचा विद्यार्थी त्याच झोतात मीठ तोलत बसला असता. मी एकही नमुना वगळला नाही. सरांनी सही अडवली आहे. काल मी प्रकरणाची प्रत अर्जासह विभागप्रमुखांकडे दिली. एसी कुठे आहे, तेही अर्जात लिहिलं.