पहिला नग पास, मग कुलूप

गेल्या दिवाळीनंतर चाकणच्या एका कारखान्यात, स्टोअरच्या संगणकावर आधीचा ब्राउझर काढून आमचा बसवण्यात आला. त्याच सकाळी तिथल्या लिपिक बाईंना पडद्यावरचं वाचता येईनासं झालं.

मी ज्या कंपनीत काम करतो तिचं ऑफिस मारुंजीत, दोन फ्लॅट जोडून केलेलं. जुन्या संगणकावर थोड्या मेमरीत चालणारा हलका ब्राउझर हा आमचा एकमेव माल. कारखान्याला नवे संगणक घ्यायचे नव्हते, म्हणून आम्हाला बोलावलं होतं.

बाईंची नजर अधू आहे. आधीच्या ब्राउझरवर त्या एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरत. त्याने पान काळं आणि अक्षरं पिवळी, मोठी होत. आमच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन चालवायची सोयच नव्हती.

"सर, तुमचा ब्राउझर चांगला असेल," त्या म्हणाल्या. "दिसला की सांगते."

सुपरवायझर जवळच्याच गावचा. तो म्हणाला, "ताई, पॅकिंगला जागा हाय. तिथं वाचायचं काय न्हाई."

"उभं राहायचं आहे ना पण, आठ तास. तुम्ही जा की भाऊ."

महिनाअखेरपर्यंत सोय झाली नाही तर बदली, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

सोय करण्याचं काम माझ्याकडे आलं. एक्स्टेन्शन ब्राउझरकडे ठरावीक नावांनी कामं मागतं. मोठ्या ब्राउझरांमध्ये त्याच कामांसाठी नावांच्या दोन पद्धती आहेत. आमच्या ब्राउझरने दोन्ही पद्धतींच्या नावांना ओ द्यायची, आणि काम नसेल तेव्हा एक्स्टेन्शनला झोपवून मेमरी सोडवायची, असं मी बांधलं. चाचणीला बाईंचंच एक्स्टेन्शन घेतलं. महिना संपायच्या आत ते चाललं.

नवी आवृत्ती आमच्या मालकांनी पुढे पाठवली, आणि बाईंची सोय लावून द्यायला मी स्वतः गेलो. तोवर कारखान्यातल्या संगणक बघणाऱ्या माणसाने ती बसवून सगळ्या संगणकांवर एक एक्स्टेन्शन चढवलं होतं. माणूस किती वेळ टायपिंग न करता बसला, हे ते टिपतं. बाईंचं चढवायला गेलो तर ब्राउझरने नकार दिला. असा नकार मी लिहिलेला नव्हता.

कारखान्यात नियम आहे. मशीन लावलं की पहिला नग तपासायचा. पास झाला की सेटिंगला कुलूप, आणि लॉट, म्हणजे नगांची ती खेप, संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. लेथसाठी नियम योग्य आहे. क्वालिटीच्या साहेबांनी तो ब्राउझरला लावला. पहारा ठेवणारं एक्स्टेन्शन हा पहिला नग, तो पास. दुसरं काही चढू न देणारं कुलूप आमच्या मालकांनी करून दिलं होतं, मला न सांगता. त्यांची उमेदीची वर्षं आकुर्डीत एका कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर गेली आहेत. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी तिथूनच मालकांना फोन लावला.

"भावा, चिडू नको. गिऱ्हाईक खूष आहे."

"हे काम ज्या बाईंसाठी केलं, त्यांचंच चालत नाही."

"पुढच्या लॉटला बघू."

"ब्राउझरचा लॉट कधी संपतो?"

"वर्षाचं कंत्राट आहे की."

"लेथसमोर कोणीही बसलं तरी नग तोच निघतो. इथे बसणाऱ्याला दिसावं लागतं."

"राव, भाषण ऑफिसात कर. तिथे साहेबांसमोर नको."

बाई शेजारीच उभ्या होत्या. फोनचा आवाज मोठा होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली.

मला आलेला राग अजून गेलेला नाही. नजर अधू असलेल्या बाईसाठी लिहिलेला कोड तिच्यावर नजर ठेवायला वापरला गेला, आणि तिच्याच उपयोगाचं तेवढं बाहेर राहिलं. आमच्या जाहिरातीत आता वाक्य आहे: कोणत्याही ब्राउझरचं एक्स्टेन्शन आमच्याकडे चालतं. त्या कारखान्यात एकच चालतं.

मी लेखी हरकत दिली. मालकांनी ती साहेबांकडे पाठवली. साहेबांनी कळवलं की सेटिंग पास आहे.

पुढच्या सोमवारपासून बाई पॅकिंगला आहेत. स्टोअरच्या संगणकावर दुसरा लिपिक बसतो.